अक्कांच्या आधी कोण?

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना आनंद झाला आणि रूटकाकांना काम मिळालं.

शहर बससेवेच्या मार्ग आखणाऱ्या खात्यात त्यांची उभी हयात गेली होती, म्हणून कॉलनी त्यांना रूटकाका म्हणे. आधी पाठीमागे म्हणे, मग समोर म्हणू लागली, आणि एके दिवशी दारावरच्या पाटीखाली कोणीतरी खडूने तसं लिहूनच ठेवलं तेव्हा त्यांनी ते नाव मान्यताप्राप्त धरलं. निवृत्तीनंतर वेळ घालवायचा म्हणून ते ग्रंथालयातल्या ज्येष्ठांच्या संगणक वर्गाला जात. तिथे बाकीचे ज्येष्ठ नातवंडांचे फोटो मोठे कसे करायचे ते शिकत होते. रूटकाकांनी प्रोग्राम लिहायला शिकायचं ठरवलं. फोटो मोठे करून माणसं मोठी होत नाहीत, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी वर्गात बोलूनही दाखवलं होतं. त्यामुळे वर्गात त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असे.

लग्न सोमवारी ठरलं. दोन्हीकडच्यांनी आपापल्या नातेवाइकांना रविवारी सांगायचं, तोवर कोणी तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. अडचण एकच होती. ती म्हणजे अक्का.

अक्का रूटकाकांची थोरली बहीण. मागे मुलाच्या लग्नाची बातमी अक्कांना त्यांच्या शिंप्याकडून कळली होती. अक्का लग्नाला आल्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्यांनी दिवसभर प्रत्येक गोष्टीचं कौतुक केलं. हॉलचं केलं, खुर्च्यांचं केलं, हात धुवायच्या जागेचं केलं. शेवटी मान वर करून त्या म्हणाल्या, "पंखे किती छान फिरताहेत रे," तेव्हा त्या पंख्यांखाली बसून रूटकाकांना घाम फुटला.

मुलीने बापाला आधीच बजावलं होतं. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिने अक्कांकडे काढल्या होत्या. "बाबा, बाकी काही करा, पण आत्या हसत आली पाहिजे. तिने पंख्यांकडे बघितलं तर मी हॉलमधून उठून जाईन."

"अहो, मग रविवारी उठल्याबरोबर पहिला फोन अक्कांना करा की. झालं," बायको म्हणाली.

एवढा सोपा उपाय सुचवल्याबद्दल रूटकाकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. अक्कांचा फोन एकदा लागला की दुपार होते. तेवढ्या वेळात घरातून आणखी कोणाला फोन गेला, त्याने तिसऱ्याला सांगितलं, आणि त्या तिसऱ्याला मोठ्या वहिनींच्या आधी कळलं, तर वहिनी रुसणार. बातमी म्हणजे काय, बसच. माणूस म्हणजे थांबा, फोन म्हणजे रस्ता. कुठल्या थांब्यावर बस कोणत्या क्रमाने पोचते, हे आधी काढलं पाहिजे. मग तिच्या पुढे राहून फोन करत जायचं. हे काम प्रोग्रामचं होतं, आणि शहरात या कामाला आपल्याइतका लायक माणूस नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मुलगी स्वतः संगणकाच्या कंपनीत कामाला होती, पण तिला विचारणं म्हणजे आपल्या डेपोत दुसऱ्याचा ड्रायव्हर बोलावण्यासारखं.

आधी फाइल तयार करायची होती. एका माणसाची एक ओळ. सुरुवातीला त्याचं नाव, पुढे बातमी कळली की तो कोणाकोणाला सांगतो त्यांची नावं, मध्ये स्वल्पविराम. प्रोग्राम ही फाइल वाचणार आणि मार्ग काढणार. बायको शेंगा सोलत सांगत होती, रूटकाका एका बोटाने टाइप करत होते. नातेवाइकांबद्दल इतकी शास्त्रशुद्ध माहिती आपल्या घरात असून आपण ती आजवर टोमण्यांमध्ये वाया घालवली, याचं त्यांना वाईट वाटलं.

"आता तुझी ओळ," ते म्हणाले. बायकोचं नाव त्यांनी फाइलमध्ये 'डेपो' असं घातलं होतं, कारण या घरची बातमी तिथूनच सुटते.

"मी कशाला कोणाला काय सांगायला जाते?"

"हे बघ, हे शास्त्राचं काम आहे. इथे लाजायचं नाही."

"बरं. मोठ्या वहिनी."

"हं."

"मावशी. मग खालच्या ऑडिटरीणबाई."

"हं, पुढे?" रूटकाकांनी स्वल्पविराम मारला आणि ते बोट वर धरून थांबले.

बायकोने तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. ती उठून गेली आणि ओटा पुसता पुसता आतूनच म्हणाली, "एवढेच. आणखी कोणी नाही."

रूटकाकांनी फाइल जतन केली.

प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तो समारंभपूर्वक. खालच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर साक्षीदार म्हणून आले होते. त्यांना कशासाठी बोलावलंय हे सांगितलेलं नव्हतं. पण चूक निघण्याची शक्यता असेल तिथे ऑडिटर न विचारता येत. रूटकाकांनी कळ दाबली. पडद्यावर आलं: डेपो, मोठी वहिनी, मावशी. मग पुन्हा मोठी वहिनी. मग मावशी. मोठी वहिनी. मावशी. ओळी वर सरकत राहिल्या. पंखा गरगरू लागला, संगणक तापला, पण या दोघी काही थांबेनात.

"अडकला," रूटकाका म्हणाले.

"कुठे अडकला?" ऑडिटरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "वहिनी मावशींना सांगतात, मावशी वहिनींना सांगतात. मी तुमच्याकडे दोघींना एकत्र पाहिलंय. माझ्या मते प्रोग्राम अचूक आहे."

शेवटी वायर उपटावी लागली. मुलगी कामावरून आली, तिने चप्पल काढता काढता एक नजर टाकली. "बाबा, ज्याच्याकडे एकदा जाऊन आलात त्याच्यावर खूण करा ना. खूण असेल तिथे परत जायचं नाही."

"शहर बस दिवसभर त्याच त्या थांब्यांवर जाते. तिथे कोणी खुणा करत बसतं का?"

"म्हणून तर ती कुठे पोचत नाही," मुलगी म्हणाली आणि आत गेली. हे वाक्य रूटकाकांना लागलं. का लागलं, ते पुढे येईलच. खूण मात्र त्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम थांबला, पण भलतीकडे जाऊन. तो डेपोतून निघाला, ऑडिटरीणबाईंना गाठून त्यांच्या भाचीकडे गेला, तिथून भाचीच्या सासूकडे, सासूकडून तिच्या दातांच्या डॉक्टरकडे, आणि दवाखाना पालथा घालून झाल्यावर सावकाश मोठ्या वहिनींकडे वळला. त्यांच्यामागे अक्का. म्हणजे एका परक्या दंतवैद्याला आपल्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळणार, आणि सख्ख्या आत्याला त्याच्यानंतर. रूटकाकांना पंखे दिसू लागले.

पण ही चूक त्यांना स्वतःला उमगली, तीही आंघोळ करताना. ही एक्सप्रेस झाली. एक रस्ता धरला की टोकापर्यंत जायचं. आपल्याला हवी शहर बस: आधी जवळचे सगळे थांबे, मग त्यांच्या पुढचे. प्रोग्रामने नावांची रांग लावली होती, पण तिकीट तो देत होता शेवटी आलेल्याला आधी. ते ओल्या अंगाने बाहेर आले, एक ओळ बदलली, आणि संगणकाखाली पाण्याचं तळं झालं. बायकोने पोतेरं आणून ठेवलं.

आणि मग ती यादी आली. मोठी वहिनी, मावशी, ऑडिटरीणबाई. त्याखाली एक रिकामी ओळ. त्याखाली अक्का.

रूटकाकांनी पडदा पुसला. ओळ रिकामीच राहिली. प्रोग्रामच्या मते अक्कांच्या आधी कोणाला तरी बातमी कळत होती आणि त्या माणसाला नाव नव्हतं. त्यांनी आणखी तपासलं. हा इसम पुढे कोणाकोणाला सांगतो? कोणालाच नाही. ऐकतो आणि गप्प बसतो.

"असा नातेवाईक असूच शकत नाही," ऑडिटर म्हणाले. "बेनामी आहे. आमच्याकडे असं निघालं की आम्ही थेट मुळाशी जायचो."

"प्रोग्रामची चूक आहे ही."

"पहिल्यांदा सगळे तसंच म्हणतात," ऑडिटर म्हणाले आणि जिना उतरून गेले. ते घरी पोचल्यावर काय झालं, हे सांगण्यासाठी प्रोग्रामची गरज नव्हती. ऑडिटरीणबाईंची ओळ फाइलमध्ये सर्वांत लांब होती.

चूक हातात येईना तेव्हा रूटकाकांनी स्वाभिमान बाजूला ठेवून वर्गाच्या बाईंना दाखवायचं ठरवलं. त्यासाठी घरची फाइल ग्रंथालयाच्या संगणकावर न्यायची होती. काउंटरवरच्या गृहस्थांनी पेनड्राइव्ह हातात न घेता त्याकडे पाहिलं.

"फाइलमध्ये व्यक्तींची माहिती आहे का?"

"नातेवाईक आहेत."

"म्हणजे व्यक्ती."

"तसं म्हणता येईल."

"मग प्रत्येकाचं संमतिपत्र लागेल."

"संमती मागायची म्हणजे कशासाठी ते सांगावं लागेल."

"सांगा की."

"तेच तर. कोणाला आधी सांगू?"

"ते आमच्या अखत्यारीत येत नाही," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी शिक्का पुसला.

रूटकाकांनी आयुष्यभर सरकारी भाषा वापरली होती. ती स्वतःवर चालून आलेली त्यांनी प्रथमच पाहिली. त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "एक व्यक्ती आहे, तिला नावच नाही. तिचं काय?"

गृहस्थांनी नियम काढून वाचला. "निनावी असेल तर संमती नको. तिला घेऊन या."

सबंध गोतावळ्यात नियमात बसणारा तोच एक नातेवाईक निघाला. बाई तेवढ्यात जिन्यात भेटल्या. उभ्या उभ्या म्हणाल्या, "काका, प्रत्येक नाव कोणाकडून आलं तेही छापून बघा. माणूस सापडत नसला तर त्याला आणणारा सापडतो." रूटकाकांनी घरी येऊन तसं केलं. पडद्यावर स्पष्ट आलं: रिकामी ओळ, डेपोकडून.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"प्रोग्राम म्हणतो, तू कोणाला तरी सांगतेस."

"प्रोग्राम परवा म्हणत होता दातांच्या डॉक्टरला आधी सांगा," बायको म्हणाली. उत्तर बिनतोड होतं. रूटकाकांनी प्रोग्रामच पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला. नवा प्रोग्राम जास्त सुबक झाला. त्यातही रिकामी ओळ त्याच जागी आली, फक्त जास्त लवकर.

शनिवारी दुपारी फोन वाजला. अक्का होत्या.

"काय रे, तुझ्या संगणकात म्हणे एक बिननावाचा माणूस आहे. आणि तो माझ्या आधी आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"शिंप्याने."

रूटकाका खुर्चीत बसले. आपली बातमी बाहेर पडू नये म्हणून आपण जे यंत्र बनवलं, त्या यंत्राचीच बातमी अक्कांच्या शिंप्यापर्यंत पोचली होती, आणि तीही प्रोग्रामने दाखवल्याप्रमाणे ऑडिटरीणबाईंच्या थांब्यावरून. हिशेब बरोबर आल्याचं समाधान मानावं की कपाळाला हात लावावा, ते त्यांना ठरवता येईना.

"यादी कसली आहे पण?" अक्कांनी विचारलं.

"तपासणीची."

"छान. तुझे शेजारीही फार छान आहेत. सगळं वेळेवर कळवतात," अक्का म्हणाल्या. कौतुक सुरू झालं होतं. "उद्या संध्याकाळी येते मी. तुझ्या त्या गोल मार्गाच्या बसने."

मुलीने शेजारच्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. ती आली आणि बापाला खुर्चीतून उठवून स्वतः बसली. "आत्या पंख्यांवर यायच्या आत हे संपवू या. प्रोग्राम उघडू नका. फाइल उघडा."

"फाइल बरोबर आहे. मी स्वतः टाइप केलीय."

"म्हणूनच." तिने डेपोची ओळ काढली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. ऑडिटरीणबाई, आणि पुढे स्वल्पविराम. त्याच्यापुढे काही नाही. प्रोग्राम फाइल वाचतो, तेव्हा त्याला वाटतं स्वल्पविराम आहे म्हणजे पुढे माणूस आहे. माणूस घेतो, नाव सापडत नाही. तुमचा प्रोग्राम ठीक आहे, बाबा. एक स्वल्पविराम जास्त पडलाय. तो काढला की संपलं."

एका आठवड्याची मेहनत, दोन प्रोग्राम, ग्रंथालयातला अपमान, आणि निघालं काय तर मोहरीएवढं चिन्ह. रूटकाकांनी ते पुसायला बोट पुढे केलं. मग थांबले. त्यांना ओटा पुसता पुसता आतून आलेला बायकोचा आवाज आठवला.

"हा मी उगाच नाही मारला," ते म्हणाले. "ही पुढचं नाव सांगणार होती."

बायकोने हातातल्या कपड्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "काढून टाका. चूकच आहे ना."

"पुढे कोण होतं?"

"तुम्हाला माहितीय."

माहीत होतं. आता एवढं सांगायलाच हवं. शहरातला गोल मार्ग ही रूटकाकांच्या नोकरीची कमाई. तो दवाखान्यावरून, बाजारावरून, दोन शाळांवरून मोठ्या मैदानाला वळसा घालून जाई. तो सुरू झाला त्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, तुझी बस माझ्या घरी पोचायच्या आत मी चालत पोचेन." आणि मैदानातून सरळ चालत गेला. डेपोचे मोठे साहेब आणि रूटकाका पहिल्या बसमधून उतरले, तेव्हा धाकटा थांब्यावर शेंगदाणे खात बसला होता. त्याने साहेबांनाही शेंगदाणे दिले. साहेबांनी ते घेतले. त्यानंतर दोघा भावांत शब्द नाही. मुलाच्या लग्नातही धाकट्याची खुर्ची रिकामी राहिली. त्याला आमंत्रण टपालाने गेलं होतं, बसच्या वेळापत्रकासारखं छापील.

"त्याला कधी सांगितलंस?" रूटकाकांनी विचारलं.

"सोमवारीच. तुम्ही वर्गाला गेला होतात."

"रविवारपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"तो कुठे बोलतो कोणाशी?" बायको म्हणाली. "बोलला तर लोकांना कळेल ना, की त्याला कळलं म्हणून. मी सगळंच सांगते त्याला. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हाही सांगितलं होतं. ऐकून घेतो. मग विचारतो, दादा बरा आहे ना, आणि गोल बस अजून चालू आहे का."

मुलगी खुर्चीतून उठली. रूटकाका तिथे बसले. मग एका बोटाने त्यांनी स्वल्पविरामापुढे नाव टाइप केलं. प्रोग्राम चालला. कुठे रिकामी ओळ नाही, कुठे अडकला नाही. असा निर्दोष निकाल त्यांना नोकरीतही कधी मिळाला नव्हता. धाकटा, आणि त्याखाली अक्का.

रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत त्यांनी अक्कांना फोन लावला. "अक्का, पहिला फोन तुला करतोय. पोरीचं लग्न ठरलं."

पलीकडे एक मोठा श्वास ऐकू आला. कौतुकाचा की कसला, ते ओळखू येईना.

"आणि तो बिननावाचा?" अक्कांनी विचारलं. "तो कोण निघाला?"

"धाकटा."

"त्याला सांगितलंस?"

"तसं कळलंय त्याला."

"ते नाही विचारलं. तू सांगितलंस का?"

"अजून नाही."

"मग फोन ठेव आणि त्याला कर. मी काही ऐकलेलं नाही असं समज. त्याच्यानंतर मला पुन्हा पहिल्यापासून सांग, मुलगा काय करतो, दिसतो कसा, सगळं." आणि अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःहून फोन ठेवला.

मुलीने आईकडे पाहिलं. आईने शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं आणि ती अगदी हळू, आवाज न करता सोलायला लागली.

रूटकाकांनी नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता, ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवली नाही.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

"दादा?"

"तुला कळलंच असेल."

 धाकटा म्हणाला, "काय ते?"

"म्हणजे तुला काहीच कळलेलं नाही?"

"मला कोण सांगणार? काय झालं?"

रूटकाकांनी बायकोकडे पाहिलं. तिचं सगळं लक्ष शेंगांत होतं. खोटी माहिती उघड्या डोळ्यांनी स्वीकारण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"लग्न ठरलं," ते म्हणाले.

"कोणाचं?"

"पोरीचं, आणखी कोणाचं."

"अरे वा. हे छान झालं," धाकटा म्हणाला. आवाज इतका खरा होता की सोमवारपासून त्याने तो घोकला असावा. "आधी सगळीकडे सांगून झालं असेल तुझं. मग माझा नंबर."

"पहिला तुलाच सांगतोय. अक्काला विचार हवं तर."

"बरं."

दोघंही थांबले. फोनवर अशी शांतता रूटकाकांना सोसत नसे; नुसती उभी राहिलेली बस त्यांना कधीच बघवली नाही.

"संध्याकाळी अक्का येतेय," ते म्हणाले. "तूही ये."

"येतो. गोल बस असते ना संध्याकाळी?"

रूटकाका खिडकीपाशी गेले. तिथून मैदानाचा कोपरा दिसे, आणि त्याच्या कडेने आपल्याच मार्गाची बस सावकाश वळसा घेताना दिसे. त्यांनी ती पूर्ण वळेपर्यंत वाट पाहिली. तिला वळायला बराच वेळ लागला.

"बसने नको," ते म्हणाले. "मैदानातून चालत ये. लवकर पोचशील."

पलीकडे धाकट्याने खुर्ची ओढल्याचा, मग खाकरल्याचा आवाज आला.

"हे लेखी देशील?" त्याने विचारलं.